पारवा की आकाशी

सकाळी पावणेसहा

गाडीला किक मारायच्या आधी मी वर पाहतो. पाऊस गेला, त्याची काळजी नाही. आभाळ स्वच्छ आहे ना, एवढंच पाहायचं असतं. ढगाळ दिवशी रंगाचा निकाल लावायचा नाही, हा माझा जुना नियम. ढगाच्या उजेडात सगळेच निळे गुणी दिसतात आणि दोन दिवसांनी ऊन पडलं की एकेकाचे गुण बाहेर येतात.

आज आभाळ कोरं आहे. नवरात्र लागायला चार दिवस, दसऱ्याला तेरा. पूर्व नागपूरला वर्षभर न आठवलेल्या भिंती नेमक्या या तेरा दिवसांत आठवतात. नंदनवनातल्या या घराचं कारण मात्र पक्कं आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायचे पाहुणे गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडून आदल्या दिवशीच इथं उतरतात आणि हॉलभर गाद्या पडतात. भिंतीला पाठ टेकणारे पंधरा जण येणार म्हटल्यावर भिंत नुसती कोरडी असून भागत नाही, ती मुरलेली लागते.

साडेसहा

जगनाडे चौकाच्या अलीकडं पोहे. तर्री वेगळ्या वाटीत मागवली, कारण कालचा शर्ट वाया गेला. माझा मोठा कारागीर आणि एक नवा पोरगा असे आम्ही तिघं. पोरगा ठिय्यावरून आठ दिवसांपूर्वी आणलाय. हात हलका आहे, पण रोलर डब्यात बुडवताना मुठीपर्यंत बुडवतो. जाईल सवय.

सव्वासात

हॉलची खिडकी उत्तरेला, गॅलरीचं दार पश्चिमेला. हे दोन उजेड दिवसभर एकमेकांशी भांडत असतात आणि रंगवाल्याला दोघांचं ऐकावं लागतं.

काल संध्याकाळी प्रायमर मारलेल्या भिंतीवर मी चार चौकोन काढले. दोन फूट बाय दोन फूट, प्रत्येकाला दोन-दोन हात. खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन, टीव्हीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन. मधे हातभर पांढरं सोडलं. शेजारी-शेजारी चिकटवून नमुने मारणं ही सगळ्यात जुनी चूक आहे, त्याचं दुपारी सांगतो.

शेड कार्डावर या दोन रंगांना इंग्रजी नावं आहेत, समुद्राची, धुक्याची वगैरे. आमच्यात ती कोणी घेत नाही. नंबर डायरीत असतो, तोंडात टोपणनाव. एकाचं आकाशी ठेवलं, दुसऱ्याचं पारवा. पारवा शब्द माझा नाही, आईचा. साडीच्या दुकानात ती ‘पारवा दाखवा’ म्हणायची आणि दुकानदार न विचारता कबुतराच्या मानेखालचा तो निळसर राखी काढायचा. एवढा नेमका शब्द घरात असताना आपण ब्लू-ग्रे का म्हणायला लागलो, कोण जाणे.

कार्डावर पाहिलं तर दोघं भाऊ आहेत. बोटाएवढ्या चौकोनात फरक एवढाच की पारव्यावर जरा सावली पडल्यासारखी वाटते. भिंतीवर मात्र आत्ता, उत्तरेच्या सकाळच्या उजेडात, गंमत उलटी झाली आहे. हा उजेड उन्हाचा नसतो, नुसत्या आभाळाचा असतो, म्हणजे मुळातच निळा. त्यात पारव्यातला राखीपणा पार बुडून गेलाय आणि तो सरळ निळा दिसतोय, शांत, धुतलेला. आकाशीत मुळातच निळं भरपूर. त्याच्यावर आणखी निळा उजेड पडला, तर तो शाळेच्या गणवेशासारखा ओरडतोय.

पोरगा म्हणाला, ‘‘काका, रात्री तर हा फिका होता.’’ बरोबर पाहिलं त्यानं. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळलं की गडद होतं. चुन्याचं आणि डिस्टेंपरचं नेमकं उलट, ते वाळून उजळतं. म्हणून जुने लोक ओल्या भिंतीकडं पाहून घाबरायचे आणि नवे लोक ओल्या भिंतीकडं पाहून फसतात.

साडेआठ

आजी उठून कधीच्या बसल्यात, पण हॉलमध्ये आता आल्या. पारवा हवा असलेल्या सूनबाई शाळेत शिकवायला गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात निर्णय घेणारे तीन आणि दिवसभर घरात राहणारी एकच, हे ध्यानात ठेवा.

आजींनी एक भिंत आम्हाला अजून घासू दिलेली नाही. तिच्यावर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो असायचा. फोटो आतल्या खोलीत पलंगावर, स्वच्छ चादरीत गुंडाळून ठेवलेत. ते काढले त्या दिवशी मागं दोन चौकोन निघाले. बाकी भिंत पंधरा वर्षं पंख्याची धूळ, स्वयंपाकाचा धूर, डोक्याचं तेल खात आली. फोटोखालचा डिस्टेंपर मात्र जसा मारला तसा राहिला. स्वच्छ, हसरा निळा.

‘‘हा होता तो,’’ आजी चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या. ‘‘मले हा पाह्यजे.’’

मी पारव्याचं कार्ड आणून भिंतीला लावलं, चौकोनाच्या बाहेर. कार्ड भिंतीत हरवलं. धुळीनं मळून आकाशीचा जो रंग झाला होता, तोच कंपनीनं डब्यात भरून विकायला काढलेला.

आजींनी कार्डाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. ‘‘काहो भाऊ, हा तर लागूनच आहे ना भिंतीले. मंग पैसे कायले द्याचे?’’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आताही नाही.

नव्या पोराला मी खिडकीच्या कडेला बोलावलं. पत्रा घालून एक पापुद्रा उचलला आणि तळहातावर उलटा ठेवला. वर मळकट निळा, त्याखाली पिवळट प्रायमर, तळाला पांढरा थर, त्याच्यात निळ्याची पुसट झाक. तो तळचा चुना. माझे वडील चुन्याच्या हौदात नीळ टाकायचे, कपड्याला घालायची तीच, फडक्यात बांधून. चुना नुसता असला तर पिवळट मारतो. चिमूटभर निळीनं तो पिवळेपणा मरतो आणि डोळ्याला जास्त पांढरा वाटतो. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. ती आधी लाजवर्द दगड कुटून निघायची आणि सोन्याच्या मोलानं जायची. फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसानं १८२०च्या दशकात ती भट्टीत बनवली तेव्हा ती परटाच्या दुकानापर्यंत आली. प्रशियन निळा या भट्टीतल्या निळीच्याही आधीपासून मिळत होता, पण चुन्यात तो टिकत नाही, तपकिरी पडतो. वडिलांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. ‘त्याले चुना चावते’ एवढं ठाऊक होतं.

पोरानं पापुद्रा खिशात घातला. कशाला, ते विचारलं नाही.

दहा

मेन रोडच्या दुकानात. आतल्या खोलीसाठी एक डबा घ्यायचा होता आणि नमुन्याचे दोन्ही फॉर्म्युले पुन्हा एकदा पाहायचे होते.

रंगाच्या दुकानात आता रंग नसतो. असतो तो पांढरा बेस आणि मशीन. मशीनच्या पोटात दहा-बारा गडद द्रव. नंबर टाकला की सुईसारख्या तोंडातून थेंब पडतात, मग डबा हलवणाऱ्या यंत्रात जाऊन दोन मिनिटं थरथरतो. पडद्यावर मी दोन्ही नंबर पुढं-मागं केले. निळं दोघांत तेच. फरक काय, तर पारव्यात काळ्याचे काही थेंब आणि लाल ऑक्साइडचा अगदी ओझरता हात. बस. सासू-सुनेचा तीन दिवसांचा वाद चमचाभर काळ्यात मावतो.

ते निळं कुठून आलं, हे मला चित्रकला महाविद्यालयात काढलेल्या दोन वर्षांत कळलं. तिसरं वर्ष वडिलांच्या पाठीनं खाल्लं आणि मी रंगाऱ्याच्या लाकडी घोड्यावर चढलो, तो अजून उतरलो नाही. १९२८ साली स्कॉटलंडमध्ये ग्रँजमाउथच्या रंग कारखान्यात एक पांढरा पदार्थ बनत होता. भांड्याच्या काचेच्या अस्तराला तडा गेला, आतलं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्यात निळ्या-हिरव्या रंगाची घाण दिसायला लागली. ती फेकण्याऐवजी कोणीतरी तपासली. त्यातून पुढं थॅलो निळा निघाला आणि १९३५च्या सुमारास बाजारात आला. उन्हाला भीत नाही, चुन्याला भीत नाही आणि एवढा तेज की थेंबभर डबा रंगवतो. म्हणून तर मशीनचा एक थेंब इकडचा तिकडं झाला की नंबर तोच आणि रंग वेगळा.

त्यासाठी एका भिंतीला दोन डबे लागणार असतील तर ते आधी मोठ्या बादलीत एकत्र ओतून घ्यायचे. भिंतीच्या मधोमध डबा बदलायचा नाही. आळस करणाऱ्याची रेघ उन्हात दिसतेच.

आणि दुकानात उभं राहून रंग निवडायचा नाही. हे मी लोकांना सांगतो ते पुस्तकात वाचून नाही. फार वर्षांपूर्वी, नवा ठेकेदार असताना, एका गिऱ्हाइकाला घेऊन दुकानात गेलो. वर चार पांढऱ्या ट्यूब. त्यांनी असाच एक राखी-निळा पसंत केला, मीही मान डोलावली. सगळा हॉल झाला. संध्याकाळी त्यांनी त्यांचे पिवळे दिवे लावले आणि हॉल ओल्या सिमेंटचा झाला. त्या घरच्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. दुसरा रंग मी माझ्या पैशानं मारला. तेव्हापासून नमुना भिंतीवर, आणि नमुन्याला एक पूर्ण दिवस.

साडेबारा

ऑक्टोबरची दुपार. नागपूरकरांना हा महिना मे महिन्याचा धाकटा भाऊ वाटतो.

समोरच्या घरानं मागच्या वर्षी बाहेरून केशरी रंग दिलाय. नागपूर म्हणजे संत्री हे मान्य, पण एवढं मनावर घ्यायला नको होतं. ऊन त्या भिंतीवर आपटून गॅलरीच्या दारातून आमच्या हॉलमध्ये येतं आणि येताना रंग घेऊन येतं. दाराजवळचा पारवा बघता-बघता विझला. निळं गेलं, राख राहिली, तिच्यात किंचित जांभळट झाक. आकाशी मात्र सकाळी ओरडत होता तो आता माणसात आला. तोच डबा, तीच भिंत, पाच तासांचं अंतर.

आता सकाळी राहिलेली गोष्ट. कालच एका भिंतीवर मोठ्या कारागिरानं माझं न ऐकता दोन्ही रंग एकमेकांना चिकटवून मारून ठेवले होते, ‘तुलना सोपी जाते’ म्हणून. तिथं पारवा मळका दिसत होता, चक्क तपकिरीकडं झुकलेला. मी आकाशीवर वर्तमानपत्र चिकटवलं. पारवा पुन्हा निळा. वर्तमानपत्र काढलं, पुन्हा मळका. पोरगा हसायला लागला, त्याला वाटलं मी हातचलाखी करून राहिलो.

पॅरिसला गोबेलाँ नावाचा राजेशाही गालिच्यांचा कारखाना होता. तिथल्या विणकरांची तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय. शेव्हरल नावाचा रसायनतज्ज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता. त्यानं काळा तपासला, त्यात खोट निघाली नाही. खोट शेजाऱ्यात होती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसवलेला काळा डोळ्याला मरतुकडा वाटत होता. १८३९ साली त्यानं यावर जाडजूड पुस्तकच काढलं. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ सोपा आहे: आकाशी आणि पारवा एका भिंतीवर कधीच राहणार नाहीत, मग एकमेकांशेजारी पाहायचेच कशाला? पारवा पाहायचा तो पांढऱ्या छताशेजारी, सागवानी दाराशेजारी, आजींच्या त्या मरून सोफ्याशेजारी. त्याचं आयुष्य त्यांच्यात जायचंय.

दीड

डबा. भेंडी, पोळी. वीस मिनिटं फरशीवर आडवा.

तीन

आतल्या खोलीत पुट्टीचा दुसरा हात घासून झाला. पोराच्या पापण्या पांढऱ्या. प्रायमर सुरू केला.

पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल. ‘‘काका, जरा भिंत दाखवा.’’ दाखवली. ‘‘दोन्ही सेमच आहेत की!’’ मी फोन गॅलरीच्या दाराकडं वळवला, मग खिडकीकडं. पडद्यावर दोन्ही रंग दोनदा बदलले. फोन हुशार असतो, समोरचा उजेड पिवळा दिसला की तो आपल्या मनानं निळं वाढवतो. त्याला चांगला फोटो हवा असतो, खरा रंग नको असतो. मुलानं बायकोला जो नमुना पाठवला तोही एका परदेशी घराचा फोटो होता. तिथलं ऊन वर्षाचे सहा महिने तिरपं आणि थंड असतं. त्या उन्हातला पारवा नंदनवनात कुरिअरनं येत नाही.

मी एवढंच म्हणालो, ‘‘दादा, तुम्ही दसऱ्याला येऊनच पाहा.’’ तो म्हणाला, ‘‘मग काय उपयोग?’’ तेही खरंच.

साडेपाच

सूर्य गॅलरीच्या दारात सरळ उभा. दहा-पंधरा मिनिटं भिंतीवर सोनं असतं. अशा वेळी कोणताही रंग पाहू नये, सगळेच आवडतात.

मग ऊन गेलं. दिवे लावायच्या आधीची जी वेळ असते, तिच्यात मी मुद्दाम थांबतो. मरून सोफा काळा पडतो, दाराचं सागवान मातट होतं आणि निळे मात्र जागे राहतात. कमी उजेडात आपला डोळा लाल आधी सोडतो, निळा शेवटपर्यंत धरून ठेवतो. त्या पाच मिनिटांत आकाशी भिंतीतून पुढं आला, जणू मागून कोणी दिवा धरलाय. पारवा मागं सरकला आणि खोली दोन हात मोठी झाली.

आजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनीही पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

सात

सूनबाई सहालाच आल्या होत्या. वह्यांचा गठ्ठा टेबलावर, चहा हातात. मी दोन दिवे आणले होते: एक पांढरा, खोक्यावर ६५०० के लिहिलेला, आणि एक पिवळसर, ३००० के. हा के म्हणजे उजेड किती निळा की किती पिवळा याचा आकडा. जेवढा मोठा तेवढा निळा. छताच्या नव्या पीओपीत सूनबाईंना पिवळ्या पट्ट्या बसवायच्या आहेत.

आधी पिवळा लावला. पारवा राखी झाला, मऊ, महागड्या हॉटेलच्या खोलीसारखा. सूनबाईंचा चेहरा खुलला. ‘‘बघा ना आई, किती छान वाटतं. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलं की डोळ्याला असंच काहीतरी शांत पाहिजे.’’

‘‘राखोंडी आहे ते,’’ आजी म्हणाल्या.

आता हे मी दुसऱ्या गावात सांगितलं तर म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटेल. नागपुरात निळा नुसता रंग नाही. १९४२च्या जुलैत बाबासाहेबांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन याच शहरात उभं राहिलं, त्याचा झेंडा निळा. १४ ऑक्टोबर १९५६ला, धम्मदीक्षेच्या दिवशी, आजींचे वडील पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीवर होते, आणि आजी, तेव्हा सात-आठ वर्षांच्या, त्यांच्या खांद्यावर. गर्दीपलीकडं काही दिसलं नाही, वरचं आभाळ तेवढं आठवतं, असं त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सूनबाईंना हे माहीत नाही असं नाही. त्या त्याच घरातल्या, त्यांच्याही माहेरी तोच फोटो. पण त्यांना निळा जपायचाय तो डोक्यात, भिंतीवर संध्याकाळी विसावा हवाय. दोघींपैकी चूक कोण, हे रंगवाल्यानं ठरवू नये.

मी पिवळा काढून पांढरा लावला. पारवा झरकन निळा झाला. सकाळचा तो, धुतलेला.

आजी उठल्या. भिंतीजवळ गेल्या, चौकोनावरून हात फिरवला, जणू रंग हाताला लागतो का पाहताहेत. ‘‘हा तोच आहे का?’’

‘‘तोच.’’

‘‘पुन्हा पिवळा लावा बरं.’’ लावला. ‘‘आता पांढरा.’’ लावला. असं चारदा झालं. माझा पोरगा शिडीवर, दर वेळी होल्डरमध्ये दिवा फिरवतोय, बोटं भाजताहेत.

‘‘दिवसा कसा राहते?’’

‘‘सकाळी असा. दुपारी केशरी भिंत आहे तोवर जरा राखी. पडदा लावला तर नाही.’’

आजी हिशेब करत होत्या, तो मला दिसत होता. सकाळ त्यांची. दुपार त्यांची, आणि दुपारी झोप. रात्री साडेसात ते नऊ दोघींची. त्यानंतर सूनबाईंची एकटीची, वह्या तपासायची.

‘‘आकाशी लावला तर पिवळ्यात काय होते?’’ सूनबाईंनी विचारलं. दाखवला. पिवळ्या दिव्यात आकाशी किंचित हिरवट, जुन्या दवाखान्यातल्या भिंतीसारखा. यावर आजीही काही बोलल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, ‘‘फोटोच्या भिंतीले हा आकाशी. बाकी तिन्हीले तुमचा तो कबुतर. पण ट्यूब राहिली पाह्यजे. पट्ट्या लावा का नका लावू.’’

दोन्ही एका भिंतीवर नाहीत, कोपऱ्यात नव्वद अंशांत भेटतील. शेव्हरल असता तर भुवई उंचावली असती. मी कोपऱ्यात चार बोटांची पांढरी पट्टी सोडायचं ठरवलं आणि गप्प राहिलो.

सव्वानऊ

घरी. डायरी. हॉल चौदा बाय बारा, उंची दहा. भिंती ५२० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता ४३०. लिटरला दोन हातांत १३० फूट धरले तर सव्वातीन लिटर. सगळा एकच असता तर चार लिटरच्या डब्यात काम झालं असतं. आता फोटोची भिंत वेगळी, म्हणजे पारवा तीन लिटर, आकाशी एक. दोन्ही नंबर मीटरच्या पेटीच्या झाकणाआड मार्करनं लिहायचे. दहा वर्षांनी येणाऱ्या पेंटरसाठी.

इलेक्ट्रिशियनचा फोन. त्याला सकाळी बोर्ड बसवायचाय. ‘‘भाऊ, ट्यूबचं बटण अन् पट्ट्यांचं बटण, कोणतं दाराकून घेऊ?’’

‘‘दाराकडून सूनबाईंचं. ट्यूबचं आजींच्या खुर्चीजवळ घे.’’

‘‘तिथं पॉइंट नाही.’’

‘‘काढ.’’

‘‘पुट्टी झाली ना भिंतीची? फोडा लागते.’’

‘‘फोड. मी पुन्हा भरतो.’’